वस्तीला आहात की जाऊन-येऊन?

नाताळ, शिमगा किंवा स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेले शनिवार-रविवार जवळ आले की आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा पेट घेतो. कोकणातल्या कुठल्या तरी किनाऱ्यावर वाळूत रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढतानाची चित्रफीत फिरू लागते, घाटात खोळंबलेल्या गाड्यांच्या रांगेचे छायाचित्र येते आणि दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या जागा धरतात. एक बाजू म्हणते, सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या या लोकांना गावात पाऊल ठेवू देऊ नये. खाण्यापिण्याचे सामान ते शहरातून भरून आणतात आणि गावात टाकून जातात तो फक्त कचरा. दुसरी बाजू म्हणते, पर्यटक आला नाही तर गावातली चूल पेटणार नाही, तेव्हा आलेल्या माणसाला नावे ठेवणे परवडणारे नाही. अनेक वर्षे मी हा वाद ऐकतो आहे आणि दोन्हीकडच्या लोकांची तळमळ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण एक बाजू पाहुण्याची वागणूक मोजते आणि दुसरी त्याचा खिसा मोजते. ज्या गावाबद्दल हे सगळे चालले आहे, त्याला काय पेलते आणि काय पेलत नाही, हे दोघांपैकी कुणीच मोजत नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. सुट्टीत एखाद्या लहानशा गावाला दिवसभरासाठी जाऊन येणे यात मुळात काही गैर नाही. गैर हे आहे की त्या भेटीचा वार, वेळ, गाड्यांची संख्या, थांबायचे तास आणि जेवायची जागा यांतली एकही गोष्ट त्या गावाने ठरवलेली नसते. ती सहल नेणाऱ्या कंपनीच्या वेळापत्रकात ठरते, कचेऱ्यांच्या सुट्ट्यांच्या यादीत ठरते, नाही तर आदल्या रात्री फोनवर पाहिलेल्या तीस सेकंदांच्या दृश्यावर ठरते. म्हणून पर्यटक हवेत की नकोत, या प्रश्नाआधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागेल: लहान गावात येण्या-जाण्याची वेळ आणि मोजमाप ठरवण्याचा अधिकार कुणाचा? माझ्या मते तो गावाचा आहे. तो कायद्याने गावाला मिळावा, त्याचा पैसा गावात राहावा आणि त्यापायी येणाऱ्याची थोडी गैरसोय झाली तर ती त्याने सोसावी.

हे मत माझे पुस्तके वाचून झालेले नाही. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये चार दिवसांच्या सुट्टीत आम्ही हरिहरेश्वरला उतरलो होतो. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालून सावित्रीची खाडी ओलांडली, वेसवीला उतरलो आणि बाणकोटवरून वेळासला गेलो. मंडणगड तालुक्यातले हे गाव नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून पूर्वीपासून माहीत असले, तरी आज माणसे तिथे जातात ती कासवांसाठी. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालायला येतात आणि एके काळी ती अंडी सर्रास उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावातल्याच माणसांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला बाहेरच्या लोकांना बोलावणे सुरू झाले. एका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात. ती काढून पुळणीवरच कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वाळूतून वर येतात आणि सकाळी सातच्या व संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांना पाण्याच्या दिशेने सोडतात. मधल्या अकरा तासांत त्या किनाऱ्यावर पाहण्यासारखे काही घडत नाही.

आम्ही पोहोचलो ते नेमके त्या मधल्या तासांत, भर अकरा वाजता. जेवणाची चौकशी करायला एका घराच्या बेड्यातून आत गेलो, तेव्हा खळ्यात सुपारी सोलत बसलेल्या आजींनी मान वर करून पहिला प्रश्न विचारला, "वस्तीला आहात की जाऊन-येऊन?" जाऊन-येऊन म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग बघायला लागेल. ताटं वस्तीच्या माणसांची मोजलेली असतात. तुम्ही काल फोन करायला हवा होता." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांच्या घरात किती तांदूळ शिजतो, विहिरीतून किती घागरी निघतात आणि वाढायला किती हात आहेत याचा तो सरळ हिशेब होता. अडीच वाजता, वस्तीची माणसे जेवून उठल्यावर, त्यांनी आम्हाला पडवीत बसवून भात, आमसुलाचे सार आणि कुळथाचे पिठले वाढले. त्या वेळी वाढणारी सून स्वतः अजून जेवलेली नव्हती, हे मला उठताना कळले.

संध्याकाळी साडेपाचला दोन टेम्पो ट्रॅव्हलर येऊन थांबल्या आणि किनाऱ्यावर दोरीपलीकडे शे-सव्वाशे माणसे उभी राहिली. गावातला एक तरुण दोरीपासून पाण्यापर्यंतची वाळू दोन्ही हातांनी सारखी करत होता, कारण माणसाच्या पावलाचा खळगा त्या बोटभर पिल्लाला दरीसारखा असतो. एकदा आत घसरले की बाहेर पडण्यातच त्याची ताकद संपते. टोपली उचलली तेव्हा खाली दोनच पिल्ले होती. "एवढीच?" असा सूर गर्दीतून उमटला. त्यातले एक पिल्लू चार पावले गेल्यावर थांबले, मान टाकून पडले, पुन्हा निघाले. पाण्याची पहिली लाट त्याला लागेपर्यंत वीस मिनिटे गेली असतील, आणि त्या वीस मिनिटांत अर्धी माणसे परत फिरली होती, कारण रस्त्यावरून चालक हॉर्न वाजवत होते. आम्हीही अंधार पडायच्या आत फेरीबोट गाठायला निघालो. दुसऱ्या दिवशी आजींच्या घरी आभाराचा फोन केला तेव्हा कळले की पहाटे एक घरटे फुटले आणि सकाळी चाळीसहून जास्त पिल्ले पाण्यात गेली. वस्तीला होते त्यांनी ती पाहिली.

एकाच गावात, एकाच दिवशी मी दोन पद्धती पाहिल्या. एकीत येणाऱ्याची वेळ कासव ठरवते, ताटे घर ठरवते आणि उभे राहायची जागा गावातला तरुण ठरवतो. दुसरीत हे सगळे बाहेरून ठरून येते आणि गावाने त्याला फक्त जागा करून द्यायची असते. वागणुकीचा प्रश्न यात दुय्यम आहे. त्या टेम्पो ट्रॅव्हलरमधली माणसे असभ्य नव्हती. कुणी कचरा टाकला नाही, कुणी दोरी ओलांडली नाही. तरीही त्यांच्या येण्याने गावाला फारसे काही मिळाले नाही आणि त्यांनाही गाव भेटले नाही. मग पर्यटकांना शिस्त लावा, एवढेच म्हणून हा प्रश्न सुटेल का?

आता पर्यटनाच्या बाजूने जे सर्वांत वजनदार बोलले जाते, ते मी मान्य करतो. कोकणातली गावे दीड शतकभर मुंबईला माणसे पुरवत आली. गिरण्यांच्या काळात मनीऑर्डरीवर घरे चालली आणि आजही अनेक वाड्यांत दहापैकी सहा दारांना कुलूप असते, ते गणपतीत आणि शिमग्यात निघते. अशा ठिकाणी एखाद्या घरातल्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरातून, गाव न सोडता, हातात पैसा मिळत असेल तर त्याची किंमत शहरात बसून कमी लेखण्याचा हक्क कुणालाच नाही. वेळासची अंडी वाचली त्यातही या पैशाचा वाटा आहे, कारण जिवंत कासवामुळे घराला मिळकत होते हे दिसल्यावर राखण पक्की झाली. पण या युक्तिवादातून निघते ते एवढेच की पर्यटन हवे. गाड्या कितीही आणि केव्हाही याव्यात, हे त्यातून निघत नाही. उलट पैसा घरात येतो तो वस्तीच्या पाहुण्याकडून, आधी सांगून आलेल्या ताटाकडून. न सांगता आलेली गर्दी पाण्याच्या बाटल्या आणि नारळपाणी यांपलीकडे फारसे काही घेत नाही, कारण तिला देण्याजोगे काही करून ठेवायला गावाला सवडच मिळत नाही.

शिवाय त्या गर्दीचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो ते पाहा. ग्रामपंचायतीचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी; वरून येणारी अनुदाने लोकसंख्येच्या हिशेबाने येतात आणि लोकसंख्या म्हणजे जनगणनेत नोंदलेली माणसे. जनगणना शेवटची झाली २०११ मध्ये. त्या आकड्यावर रस्ता, गटारे, कचरागाडी आणि नळयोजना चालवणाऱ्या गावात सुट्टीच्या दिवशी तिप्पट-चौपट माणसे उतरली, तर त्यांचा कचरा उचलायला आणि शौचालये धुवायला पैसा येणार कुठून? कोकणात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभ्याचा दगड ते पाणी धरून ठेवत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऐन सुट्टीच्या हंगामात, विहिरी तळाला जातात. गर्दीने रोजगार येतो असे म्हणणाऱ्यांनी त्या महिन्यांत पाण्याच्या टँकरचे पैसे कोण भरते हेही सांगायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे आणि मला तो पहिल्यापेक्षा जड वाटतो. समुद्र कुणा एका गावाचा नाही. भारतात सर्वत्र मुक्तपणे फिरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे. आणि ज्यांना दोन रात्री राहणे परवडत नाही, ज्यांना आठवड्यात एकच सुट्टी मिळते, जे एसटीने येऊन एसटीने परततात, त्यांच्यासाठी एका दिवसाची सहल हीच एकमेव सहल असते. गावाने दार अडवले तर ते या माणसांसाठी अडेल आणि दोन रात्रींचे पैसे मोजू शकणाऱ्यांसाठी उघडे राहील, ही भीती खरी आहे. मी लहान असताना आमच्या घरी सहल म्हणजे सकाळी सहाच्या गाडीने निघून रात्री परतणे असेच होते आणि डबा घरून नेलेला असे. त्या सहलींनी मला जे दिले, ते दुसऱ्या कुणाच्या मुलाला नाकारावे असे मी कसे म्हणेन?

म्हणूनच दारावर किंमत लावून गर्दी रोखण्याला माझा विरोध आहे. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरते येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली आणि शहरात मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट दिली. युरोपच्या सहलीवर हजारो युरो खर्च करणाऱ्याला त्या पाच युरोंनी काय अडवणार? भूतानमध्ये भारतीय प्रवाशाकडून दर रात्रीमागे १,२०० रुपये घेतात, म्हणजे जो जास्त थांबेल त्याच्यावर जास्त भार. दोन्ही ठिकाणांची स्वतःची कारणे आहेत, पण लहान गावाच्या कामाला यांतली कुठलीच रीत येत नाही. गावाला मर्यादा हवी ती संख्येची आणि वेळेची. ती श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच लागू करता येते, आणि ठरवलेच तर गरिबाच्या बाजूने झुकवताही येते: एसटीतून आलेल्या पन्नास माणसांना एकच गाडी उभी करायला जागा लागते, तेवढीच माणसे मोटारींतून आली तर बारा-तेरा गाड्यांना लागते. मर्यादा गाड्यांवर घातली तर एसटीने येणारा आपोआप पुढे राहील.

आणि मुक्तपणे फिरण्याचा हक्क? त्याच अनुच्छेदात सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंधांची तरतूद आहे, आणि कोकणाला तर असे निर्बंध नवे नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. समुद्र सर्वांचा आहे म्हणून ही बंदी अन्यायाची आहे, असे कुणी म्हणत नाही. ज्याचे पोट त्यावर आहे तो मच्छीमारही ती पाळतो. मच्छीमाराने स्वतःच्या धंद्यावर दोन महिने पाणी सोडावे आणि पाहुण्याला मात्र एखाद्या रविवारी परत जा म्हणायची सोय नसावी, हा कुठला न्याय?

येणाऱ्या माणसाकडून गावाने काही घ्यावे, त्याला वेळ बांधून द्यावी, हे पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ आहे असेही बोलले जाते. ते खरे नाही. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम १२४ मध्ये पंचायतीला जे कर बसवता येतात, त्यांत यात्रेकरूंवरचा कर आणि जत्रा, उत्सव, करमणूक यांवरचा कर आहेच. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना ठाऊक होते की काही गावांना वर्षातले काही दिवस आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे पोसावी लागतात. एकोणिसाव्या शतकात यात्रेबरोबर पटकीची साथ गावोगाव जाई आणि तिने माणसे मरत. यात्रेच्या गावात पाणी आणि स्वच्छता यांची तजवीज करावी लागते आणि तिला पैसा लागतो, हा धडा मोठी किंमत देऊन शिकलेला आहे. यात्रेकरूची जागा आता पर्यटकाने घेतली, कायद्याची समज मात्र यात्रेकरूपाशीच थांबली.

वारीचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. पालखीच्या वाटेवरची किती तरी मुक्कामाची गावे काही हजार वस्तीची आहेत आणि एका रात्रीत तिथे लाखो माणसे उतरतात. आकड्यांनीच गाव मोडायचे असते तर ही गावे केव्हाच मोडली असती. ती तगतात, कारण मुक्काम कुठे, विसावा कुठे, प्रस्थान किती वाजता, हे सगळे आधी ठरलेले आणि गावाला तोंडपाठ असते. आपल्याकडे अमुक तिथीला पालखी येणार हे माहीत असल्यामुळे घराघरांतून पीठ दळून ठेवलेले असते. वारीनंतर गावात घाण उरते, तिच्यासाठी स्वतंत्र मोहिमा हाती घ्याव्या लागल्या, हेही तितकेच खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण पाहुणा आणि यजमान यांच्यात वेळेचा करार असला की केवढा भार पेलता येतो, हे वारी दाखवते. सुट्टीतल्या पर्यटनात तो करारच नाही.

माथेरान हे आणखी एक जवळचे उदाहरण, आणि ते माझ्या बाजूचे असले तरी पूर्ण सुखाचे नाही. १८५० मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर मॅलेट यांनी ही जागा शोधली, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर आली, आणि मोटारींना तिथे आजही बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, प्रवेशाचे पैसे नगरपरिषद घेते आणि पुढे माणसे पायी जातात. मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत असूनही माथेरानची झाडी आणि लाल मातीचे रस्ते शिल्लक आहेत ते या एका नियमामुळे. पण त्याच नियमाच्या सावलीत माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, आणि त्या सहा महिन्यांत बंद करा असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये सांगावे लागले. मोटार नको हा निर्णय बरोबर होता. मग चालू न शकणाऱ्या पाहुण्याचे ओझे कुणाच्या खांद्यावर पडणार, हा प्रश्न मात्र दशकानुदशके कुणी विचारला नाही. मर्यादा घालणाऱ्या प्रत्येक गावाने माथेरानकडून या दोन्ही गोष्टी शिकाव्यात.

यातूनच तिसरा आक्षेप पुढे येतो: गाव म्हणजे नक्की कोण? ज्याचे घर पुळणीला लागून आहे आणि ज्याची वाडी डोंगराच्या कुशीत आहे, या दोघांचे हित एक नाही. अधिकार गावाला दिला तर तो चार खोल्या बांधू शकणाऱ्यांच्या हाती जाईल, ते बाहेरच्या गर्दीला अडवतील आणि वस्तीचे पाहुणे आपापसांत वाटून घेतील. कडेच्या वाड्यांना उरेल ते भांडी घासण्याचे काम. हा धोका मी नाकारत नाही. आपली गावकी किती समतेने चालते, कुणाला देवळाच्या कुठल्या पायरीवर उभे राहावे लागते, हे ज्याने पाहिले आहे तो गावाच्या शहाणपणावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. पण यावरचा उपाय निर्णय गावाबाहेर ठेवणे हा कसा असेल? आज जो बाहेरून ठरवतो, त्याला तर कडेच्या वाडीचे नावही माहीत नसते. निर्णय सरपंचाच्या घरी न होता ग्रामसभेत व्हावा, जमलेल्या पैशाचा हिशेब फळ्यावर लागावा, पाहुणे घरोघर पाळीने जावेत आणि ज्यांच्याकडे खोली नाही त्यांना वाट दाखवण्याचे, राखणीचे, गाड्या लावून घेण्याचे मोबदल्याचे काम मिळावे. हे सोपे नाही, पण अशक्यही नाही. साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा स्थळांत गेले आणि तिथे फुलांच्या हंगामात भोवतालच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या शुल्क घेतात, दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा पाळायचे ठरवतात आणि गावातल्या तरुणांना राखणीचे काम देतात. त्यातही भांडणे आहेत, तक्रारी आहेत. पण भांडण गावातच आहे आणि गावाला ते सोडवता येते.

हे काहीच केले नाही तर काय होते, ते ऑस्ट्रियातल्या हालश्टाटकडे पाहून कळते. तळ्याकाठचे, जेमतेम सातशे-आठशे वस्तीचे हे गाव; मिठाच्या खाणींमुळे हजारो वर्षे माणसांनी राबते आणि १९९७ पासून जागतिक वारसा यादीत. हंगामात तिथे दिवसाला दहा हजारांपर्यंत माणसे येऊ लागली, त्यांतली बहुतेक दिवसापुरती. २०२३ च्या मे महिन्यात गावाने वैतागून, जिथे उभे राहून सगळे छायाचित्र काढतात तिथे लाकडी कुंपण उभारून समोरचे दृश्यच झाकले. टीका झाली आणि ते काढावे लागले. ऑगस्टमध्ये रहिवाशांनी रस्ता अडवून निदर्शने केली. आपल्या अंगणातले सर्वांत सुंदर दृश्य स्वतःच झाकावे असे एखाद्या गावाला वाटावे, याहून मोठी हतबलता कुठली? पर्यटक बसगाड्यांनी आधी वेळ राखून मगच यायचे, हा नियम तिथे त्याआधीच लागू झाला होता आणि त्याने बसगाड्या आवरल्याही. पण मोटारींनी आणि आगगाडीने येणारा लोंढा त्याबाहेर राहिला. नियम उशिरा आला आणि अर्धाच आला. कोकणातल्या गावांना अजून ती वेळ आलेली नाही, आणि म्हणूनच पूर्ण नियम करायची हीच वेळ आहे.

इथे मला सिंधुदुर्गातली एक प्रथा आठवते. मालवण तालुक्यात आचरे आणि आसपासच्या काही गावांत काही वर्षांनी एकदा, देवाचा कौल घेऊन, गावपळण होते. अख्खा गाव गुरेढोरे, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस, तीन रात्री रानात झोपड्या उभारून राहतो. त्यामागची श्रद्धा प्रत्येकाला पटेलच असे नाही. पण आपले गाव केव्हा भरलेले असावे आणि केव्हा रिकामे, हे ठरवणे गावाच्या हातात असू शकते, आणि त्यासाठी माणसे स्वतःचे घरदार सोडून रानात राहतात, एवढे तर त्यातून दिसतेच. ज्या समाजाने स्वतःवर इतकी कडक मर्यादा घालून दाखवली, त्याने पाहुण्याला "पुढच्या आठवड्यात या" म्हटले तर ते आगाऊपणाचे का वाटावे?

माझे मागणे फार मोठे नाही. हंगामात दिवसाला किती गाड्या आत येतील हे पाणी, रस्ता आणि शौचालये पाहून ग्रामसभेने ठरवावे. त्याला जिल्हा परिषदेने आणि पोलिसांनी पाठबळ द्यावे, नाही तर ठराव कागदावर राहील. जेवण आधी सांगूनच मिळेल, हे गावाच्या फाट्यावरच लिहिलेले असावे. सहल नेणाऱ्या कंपन्यांनी गावाला कळवल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. यात्रेकरूंच्या कराच्या जोडीला पर्यटकांचा कर कायद्यात स्पष्ट शब्दांत यावा, तो माणशी अगदी थोडा असावा आणि त्यातला पैसाही गावाबाहेर जाऊ नये. दिवसापुरते येणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवावी, कारण त्यांचाही हक्क आहे. पण ती राखलेली असावी, ओरबाडलेली नसावी. मला त्या दिवशी अडीच वाजता मिळालेले ताट राखलेले नव्हते. ते कुणाच्या तरी जेवणाच्या वेळेतून काढून दिलेले होते, आणि आजही त्याचे ओझे वाटते.

यंदा माघ संपताना मी वेळासला त्याच घरी फोन केला. या वेळी सुनेने घेतला. वस्तीला यायचे आहे, चार माणसे आहोत, कुठल्या तारखेला पिल्ले नक्की दिसतील, असे विचारले. ती म्हणाली, "तारीख आम्ही कशी सांगू? वाळूत आहेत ती. दोन रात्री हातात ठेवून या, आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे ताटं मोजायला बरं पडतं."